सुचत नाही म्हणे!

सात महिन्यांत एक ओळ लिहिली नाही. आत्याने फोनवर विचारलं, तर ठोकून दिलं, "अगं, सुचतच नाहीये."

साफ खोटं! आज भांडायचंच आहे, आधी स्वतःशी आणि मग 'मूड नाही'वाल्या तमाम मंडळींशी.

'रायटर्स ब्लॉक' हे नाव एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने १९४७ साली दिलं. लोक त्याआधीही अडतच असणार, पण अडण्याला असं भारदस्त नाव नव्हतं. ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' काढलं. साप्ताहिक! 'पण लक्षात कोण घेतो' त्यातच क्रमशः छापून यायची. खिळे जुळवणाऱ्याला "आज मूड नाही" सांगून भागलं असतं का?

आणि सुचत नाही म्हणजे काय हो? भाजीवाल्याशी झालेल्या वादावर मी अर्धा तास बोलतो. मला तर सात महिने एकच गोष्ट सुचत होती. गावचं घर विकलं, सही करताना बाबांचा हात थरथरला, आणि मी मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसलो. हे लिहायचं नव्हतं, कारण तुम्ही सगळे वाचणार. मग पावसावर चार ओळी लिहिल्या, खोडल्या. मिसळीवर लिहायला घेतलं, तिथेही तो हात आडवा आला. (मिसळीवर लिहिताना अडलेला मराठी माणूस मी पहिलाच असेन.)

असो. काका, रागावू नका. त्या दिवशी रजिस्ट्रार कचेरीतला पंखा बंद होता. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि पेन माझ्याकडून मागून घेतलं...