करंजाचा मुक्काम



'समुद्रकाठचे हॉटेल आणि जवळ चांगले जेवण हवे, तर अलिबागला जा. करंजाला नुसता मासळीचा वास', हे गेल्या अंकातील पत्र मला पटले नाही. करंजा हे कोळ्यांचे राबते बंदर आहे. पुळण हवी तर उरणजवळ पिरवाडी आहे. अलिबागच्या ताटातला पापलेटही अशाच बंदरातून येतो. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा तो बहुधा बर्फातला. त्या दिवसांत आमच्याकडे सोडे, सुकट, खाडीतली चिंबोरी शिजते आणि पाहुण्याने तेच मागावे. रेवस-करंजा पूल होतो आहे; तो झाला की पाहुणे वाढतील. त्याआधी कोळिणींच्या घरांना शासनाच्या न्याहारी-निवास योजनेत घ्यावे, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

– एक वाचक, करंजा