डीएसपी आणि वारा

इथे टेक्सासात माझ्या टूरिंग मोटरसायकलवर डीएसपी बसवलाय, म्हणजे कुठल्या स्पीकरला कुठला आवाज किती द्यायचा ते ठरवणारी डबी. अर्थिंगची वायर आधी फ्रेमला जोडली होती. ॲक्सिलरेटर पिळला की स्पीकरमधून बारीक शिट्टी! थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली, शिट्टी गेली. पण मंडळी, गॅरेजमधलं ट्यूनिंग खोटं. ताशी ७० मैलांना वारा सगळा खर्ज गिळतो. तो वाढवत बसलं तर साडेसहा इंची स्पीकर फाटायचे, म्हणून मी १०० हर्ट्झखालचं सरळ कापलं. मित्र हसतात. हसोत बापडे. वाऱ्यावर मात करण्याइतका आवाज चढवला, तर मागच्या ट्रकचा हॉर्न कसा ऐकू येणार? मागे बसणाऱ्या सौ.चं मत याहून कडक आहे: बंदच ठेव!