विषाचे जनुक: करणीचा पुरावा, जातीचा नव्हे

आम्ही सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी एक वाक्य सर्रास लिहितो: 'विषाचे जनुक ही जंतूच्या जातीची खात्रीची खूण होय.' त्याला गुणही मिळतात. मला मात्र हे वाक्य अर्धेच खरे वाटते.

जनावरांच्या फाशी रोगाचे, म्हणजेच अँथ्रॅक्सचे उदाहरण घेऊ. १८७६ साली रॉबर्ट कॉख यांनी त्याच्या जंतूचे, बॅसिलस अँथ्रॅसिसचे, जीवनचक्र उलगडून दाखवले. या जंतूच्या विषाची तिन्ही जनुके मुख्य गुणसूत्रावर नसतात. ती 'पीएक्सओ-१' या सुट्या प्लाझ्मिडवर असतात. कवचाची जनुके 'पीएक्सओ-२' या दुसऱ्या प्लाझ्मिडवर. सुटी वस्तू हरवते, तशी दुसऱ्याच्या हातीही लागते.

दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्न यांनी १९३७ साली कवच नसलेला वाण वेगळा काढला. त्याचीच लस आजही आपल्या गुरांना टोचतात. त्यात विषाची जनुके शाबूत आहेत, पीएक्सओ-२ मात्र नाही. तेव्हा केवळ विषाचे जनुक शोधणारी चाचणी लसीतल्या निरुपद्रवी जंतूलाही खुनी ठरवील. उलट, आयव्हरी कोस्टच्या ताई अरण्यात २००१-०२ मध्ये चिंपांझी अचानक मरू लागले. त्यांच्यात सापडलेला जंतू हालचाल करणारा होता. पुस्तकातला अँथ्रॅसिस हलत नाही. गुणसूत्रावरून तो बॅसिलस सीरियसचा भाऊबंद ठरला, पण तशीच दोन्ही प्लाझ्मिडे त्याच्यापाशी होती. नुसत्या सवयी पाहून निकाल दिला असता, तर तो सुटला असता.

माझे म्हणणे एवढेच, की जनुक जंतूची करणी सांगते. जात सांगेलच असे नाही. म्हणून विषाच्या जनुकाबरोबर कवचाचे जनुक आणि गुणसूत्रावरची एखादी खूणही तपासावी, आणि जनावराला लस कधी टोचली हे मालकाला विचारावे.

पण हा काथ्याकूट प्रयोगशाळेतला. गोठ्यात निकालाची वाट पाहत बसायचे नसते. माझ्या लहानपणी शेजारच्या गोठ्यात एक बैल रातोरात मेला. नाकातून काळपट रक्त आले होते. कोणी तपासण्यापूर्वीच त्याचे कातडे निघालेही होते. तो फाशीच होता की नाही, हे कोणालाच कधी कळले नाही. फाशीने मेलेले जनावर उघडले, की हवा लागून जंतूंचे बीजाणू बनतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात. पुढे तेथे चरणारे गुरू आणि कातडे सोलणारा माणूस, दोघांनाही त्यांचा धोका. अशा वेळी जनावर न फाडता कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यावा, तोही पशुवैद्यानेच. आणि संशय फिटेपर्यंत कोणी सुरी लावू नये.

जंतूची जात कोणती, हा वाद आपण वर्गात सावकाश घालू. खेड्यातून आलेल्या आम्हा विद्यार्थ्यांनी घरी गेल्यावर सांगायची गोष्ट मात्र ही दुसरी आहे, आणि परीक्षेत ती कोणी विचारत नाही.