विश्वासू जुगारगृहाच्या शोधात

मालवण तालुक्यातील मसुरे येथून आमच्या एका जुन्या वाचकांचे पत्र आले आहे. ते सेवानिवृत्त शिक्षक आहेत. त्यांचा पुतण्या पदवीधर असून मुंबईची नोकरी सुटल्यामुळे सध्या गावी असतो. त्याने एके दिवशी सहज विचारावे तसे काकांस विचारले, "भ्रमणध्वनीवरच्या कॅसिनोंपैकी विश्वासाचा कोणता, आणि पोकर नीट शिकायला किती दिवस लागतील?" घरातील वृद्ध मातोश्रींनी ह्यावर एवढेच विचारले, "हरलंस तर पैसे खयसून देतलंस?" काकांना मात्र उत्तर सुचले नाही. ते लिहितात, "मी पस्तीस वर्षे गणित शिकविले. मुलगा उद्धट नाही, मूर्खही नाही. त्याला नुसते 'जुगार वाईट' असे सांगून भागणार नाही. काय सांगावे?"

प्रश्न एका घरचा आहे, परंतु तो आज शेकडो घरांत विचारला जात असावा अशी आमची समजूत आहे. आम्हीही एके काळी फळ्यापुढे उभे राहिलो आहोत. सरळ प्रश्नाला उपदेश हे उत्तर नव्हे, हे आम्हांस तेव्हाच कळले होते. म्हणून पुतण्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत घेऊन त्याचा विचार करू.

विश्वासाचे जुगारगृह म्हणजे काय? जेथे फासे खोटे नाहीत, पाने खुणेची नाहीत आणि जिंकलेले पैसे हाती पडतात, ते. असे जुगारगृह जगात असू शकते, हे प्रथम मान्य करू. पण तेथेही हिशेब काय सांगतो तो पाहावा. युरोपीय पद्धतीच्या रूलेट चक्राला ३७ घरे असतात. एका घरावर पैसे लावले आणि ते लागले, तर लावलेल्या रकमेशिवाय ३५ पट मिळते. म्हणजे सदतीसही घरांवर शंभर-शंभर रुपये लावणारा मनुष्य ३,७०० रुपये मांडतो आणि ३,६०० परत घेतो. शंभर रुपये मालकाचे झाले. ना लबाडी, ना चोरी. अमेरिकी चक्राला ३८ घरे असतात, देणे मात्र तेवढेच. तेथे मालकाचा वाटा शेकडा सव्वापाचांवर जातो. मालक जितका प्रामाणिक, तितके हे गणित अधिक अचूक चालते. तात्पर्य, विश्वासू कॅसिनोवर विश्वास ठेवावयाचा तो एवढाच, की तो आपल्याला ठरलेल्या दरानेच लुटील.

पोकरची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. गणेशचतुर्थीच्या रात्री जागरणाच्या निमित्ताने कोकणात ज्यांनी तीन पत्ती पाहिली असेल, त्यांना पोकर परके वाटणार नाही. प्रचलित प्रकारात प्रत्येकाच्या हाती दोन पाने, मध्ये पाच उघडी पाने आणि चार वेळा बोली. सातांतून उत्तम पाच ज्याची, त्याचा डाव. किंवा बाकीच्यांनी भिऊन पाने टाकली, तर उरला त्याचा डाव. येथे खेळाडू मालकाविरुद्ध नव्हे, एकमेकांविरुद्ध खेळतात. स्मरण, अंदाज आणि संयम ह्यांना येथे खरोखरच वाव आहे. बावन पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० संच होतात. त्यांपैकी सर्वश्रेष्ठ असे संच केवळ चार. आणि निम्म्याहून किंचित अधिक वेळा हाती साधी जोडीही नसते. ज्याला हे ठाऊक आहे तो ठाऊक नसलेल्याला दीर्घ काळात हरवील, ह्यात संशय नाही.

पण मालक येथे धर्मादाय बसलेला नसतो. प्रत्येक डावातून तो आपली नाल काढतो. कौटिल्याने द्यूताध्यक्षाला जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घेण्यास सांगितले होते. तोच दर धरू. दहा जण हजार-हजार रुपये घेऊन बसले, तर मेजावर दहा हजार आहेत. हेच पैसे फिरून फिरून डावांत येतात. एकूण डावांची बेरीज दोन लाखांवर गेली की नाल दहा हजारांची झाली. दहाही जणांचे सर्व पैसे मालकाकडे गेले. मध्यंतरी कोण कोणापेक्षा हुशार ठरला, हा प्रश्न केवळ करमणुकीचा उरतो. प्रत्यक्ष बैठकीत पाने पिसायला, वाटायला वेळ लागतो. यंत्रावर तो लागत नाही. झोप, लाज आणि चहाची वेळ ही जुन्या अड्ड्यावरची तीन कुंपणे होती. भ्रमणध्वनीने ती तिन्ही मोडली आहेत.

आता कायद्याकडे वळू. 'कौशल्य की दैव' हा वाद आपल्याकडे जुना आहे. मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळास सूट देतो. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला. पोकरविषयी मात्र गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उलट कौल दिला. ह्याहून महत्त्वाचा निर्णय १९५७ चा. त्या काळी शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धांचे वेड मध्यमवर्गात पसरले होते. बंगळूरच्या एका साप्ताहिकातून चालणाऱ्या अशा स्पर्धेला मुंबई राज्याने आपल्या कायद्याने बांधले, तेव्हा चालक न्यायालयात गेले. हा आमचा व्यापार आहे, आणि व्यापाराचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जुगार हा घटनेच्या संरक्षणास पात्र असा व्यापारच नव्हे. नियतकालिकांतून घरात शिरलेल्या त्या जुगारात आणि आज पडद्यावरून शिरणाऱ्या जुगारात जात एकच आहे. वेग मात्र निराळा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ह्या वादाची गाठच तोडून टाकली. २० तारखेस लोकसभेत मांडलेले विधेयक २१ तारखेस राज्यसभेतही संमत झाले आणि २२ तारखेस राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, पैसे लावून तो ऑनलाइन चालविणे हा ह्या कायद्याने गुन्हा ठरविला. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे व पन्नास लाखांपर्यंत. पैशांची देवघेव करून देणाराही सुटत नाही. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. त्याला गुन्हेगार न मानता पीडित मानले आहे. आमच्या मते हे योग्य झाले. कायद्यास न्यायालयात आव्हान दिले गेले ही गोष्ट खरी, पण मोठ्या देशी कंपन्यांनी पैशाचे खेळ त्याच आठवड्यात थांबविले, हीही खरी.

मग पुतण्यासमोर जाहिरात येते ती कोणाची? ती बहुधा परदेशातून चालणाऱ्या दुकानांची. कुरासाओसारख्या दूरच्या बेटाचा परवाना दाखवून ती 'विश्वासार्ह' म्हणून मिरवितात. परंतु भारतीय करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ पासूनच्या, तिसाव्या कलमान्वये पैजेचा करार निरर्थक आहे. जिंकलेले पैसे दिले नाहीत म्हणून कोणास न्यायालयात खेचता येत नाही. ज्या मालकाचा पत्ता नाही, ज्याच्यावर दावा चालत नाही आणि ज्याचा धंदा येथे गुन्हा आहे, त्याच्याविषयी 'विश्वासाचा कोणता' हा प्रश्नच संभवत नाही. आपले बँक खाते अशा लोकांच्या पैशासाठी वापरू देणारा तरुण तर खेळणारा न राहता साहाय्यक होतो, आणि तेथे कायद्याची दया संपते. एवढे उत्तर काकांनी निःशंकपणे द्यावे.

तथापि, सरकारविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. राज्यकर्त्यांचे ह्या बाबतीतले वर्तन एकसारखे राहिलेले नाही. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवरून सुरू झालेला आकड्याचा सट्टा साठच्या दशकात वरळीचा मटका झाला. तो अद्याप मोडला नव्हता, तोच १९६९ मध्ये राज्याने आपली लॉटरी काढली. १९७६ मध्ये महाराष्ट्राने कॅसिनोंचे नियंत्रण व कर ह्यांचा कायदा केला, तो एक दिवसही अमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. मध्ये सत्तेचाळीस वर्षे गेली. त्याच २०२३ च्या १ ऑक्टोबरपासून ऑनलाइन डावांच्या पूर्ण रकमेवर शेकडा २८ जीएसटी लागू झाला, म्हणजे दोन वर्षांनी ज्याला गुन्हा म्हणावयाचे, त्याच्या नालेत सरकारही वाटेकरी होते. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या भ्रमणध्वनीवर सभागृहात रमी दिसत असल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, जाहिरात बंद करीत होतो, असे त्यांनी सांगितले. ते खरे धरले, तरी जाहिरात विधिमंडळाच्या बाकापर्यंत पोहोचली होती, हे उरतेच.

शेजारच्या गोव्याचे उदाहरण त्याहून बोलके आहे. १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या जुगारास परवानगी मिळाली, पुढे ती जहाजांवर गेली, आणि आज मांडवीच्या पात्रात दिवे लावून उभ्या असलेल्या बोटी पणजीचे चित्रच बनल्या आहेत. पण १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांस त्या बोटींवर मज्जाव करण्यात आला. पाहुण्याने खेळावे, घरच्याने खेळू नये, असा ह्याचा अर्थ. जो पदार्थ यजमान आपल्या मुलांना वाढीत नाही, तो पाहुण्याने किती विश्वासाने खावा? आणि सिंधुदुर्गातून गाडी करून पणजीला जाणारे आमचे तरुण त्या पंगतीतले पाहुणेच आहेत.

बंदीने सारे साधेल असे आम्ही म्हणत नाही. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून द्यूतसभेतल्या युधिष्ठिरापर्यंत हा रोग शहाण्यांना आणि सज्जनांना जडलेला आहे. म्हणूनच त्यावरचा उपाय नुसत्या लज्जेने होत नाही. लाज वाटली की माणूस हरलेले लपवितो, आणि लपविलेले कर्ज दुप्पट होते. घरातल्यांनी प्रथम हिशेब मागावा, शिवी देऊ नये. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. शाळांनी संभाव्यतेचे गणित नाण्याच्या छापा-काट्यावर सोडून न देता नालेच्या हिशेबापर्यंत न्यावे. आणि शासनाने बंदी घातली तशी त्या मुलाच्या रिकाम्या दिवसाचीही चिंता करावी. ज्याच्या हाताला काम आहे, तो रात्री दोन वाजता पाने मांडून बसण्याचा संभव कमी.

आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच वाडी. तेथील भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते. ती देवीच्या कौलाने ठरते, आणि ती कळताच मुंबईचे चाकरमानी गाड्यांची आरक्षणे करतात. म्हणजे कौल मानणारे हे गाव आहे. परंतु पावसाळा आला की भात लावायचे की नाही, हे ते फाशांवर सोपवीत नाही. गावच्या भरतगडाविषयी सांगतात की डोंगरावर पाणी नव्हते. फोंड सावंतांनी कातळ फोडून विहीर खणविली, पाणी लागले, तेव्हा गड झाला. पाणी लागेल की नाही, ही अनिश्चितता तेथेही होती. पण त्या अनिश्चिततेशी झगडणाऱ्याच्या हाती पहार होती, आणि पाणी लागले ते सगळ्या गडाला पुरले.

काकांनी पुतण्याला गडावर न्यावे आणि ती विहीर दाखवावी. पोकरचे गणित त्याने अवश्य शिकावे. मेंदूला ते हितकरच आहे. पैसे न लावता, घरच्या ओटीवर, काकांशीच खेळावे. तेथे नाल काढणारा कोणी नसतो, आणि विश्वासाचा प्रश्नही उद्भवत नाही.