बांधावरील वाघाटी राखावी

आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीस वाघाटीच्या भाजीने सोडण्याचा परिपाठ अनेक मराठी घरांत आजही पाळला जातो. त्या एका दिवसापुरती या फळास बाजारात मोठी मागणी असते. वर्षभर मात्र या वनस्पतीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

वाघाटी अथवा गोविंदफळ हे वरुण कुलातील एतद्देशीय आरोही झुडूप असून त्याचे शास्त्रीय नाव कॅपॅरिस झेलॅनिका असे आहे. पानांच्या बुडाशी वाघनखांसारख्या आकड्या काट्यांची जोडी असते; तिच्या आधारे ते बाभूळ, बोर अशा झाडांवर चढते. कोवळ्या फांद्यांवर तांबूस लव असते. उन्हाळ्यात येणारी फुले प्रथम पांढरी असून पुढे गुलाबी होतात. पुंकेसर लांब व पुष्कळ असतात. लिंबाएवढे फळ हिरवे असता भाजीस घेतात. पिकल्यावर ते लाल होते. चव कडू असल्यामुळे बिया काढून, फळे उकडून व पाणी टाकून भाजी करतात. काही फुलपाखरांच्या अळ्याही याच्या पानांवर पोसतात.

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडील कोरड्या भागात अशा झुडपांचे आश्रयस्थान म्हणजे माळ, ओढ्याकाठ व शेताचे बांध. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी आल्यावर त्यातील पुष्कळ शेते बागायती झाली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु बांध कोरून चार सरी अधिक काढण्याच्या भरात वाघाटी मुळासकट उपटणे शहाणपणाचे नव्हे. काटे मजुरांना व जनावरांना बोचतात, ही तक्रार खरी आहे. तिला उपाय छाटणीचा आहे, उच्चाटनाचा नव्हे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. भाजीसाठी सर्व फळे हिरवीच तोडली, तर बी पिकतच नाही आणि नवीन रोप उगवत नाही. म्हणून प्रत्येक वेलीवर काही फळे पिकण्यासाठी राखावीत, त्यांचे बी बांधाच्या कडेस टोकावे आणि छाटणी फळांचा हंगाम संपल्यावरच करावी. यास खर्च जवळजवळ नाही. ज्या फळावाचून द्वादशीचे पान अपुरे वाटते, त्याच्या वेलीस बांधावर हातभर जागा देणे शेतकऱ्यास जड जाऊ नये.