बरणीवरचा चिकटा कसा काढावा?

कळंबहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. कॉफीच्या, जॅमच्या, मधाच्या काचेच्या बाटल्या त्यांनी वर्षभर जपून ठेवल्या आहेत. कैरीचे दिवस येण्याआधी त्या साफ करायच्या आहेत. पण लेबलाचा कागद निघतो आणि खाली चिकटा राहतो. त्यावर धूळ बसून बाटली काळपट दिसते. सुरीने खरवडलं तर ओरखडे पडतात. शेजारीण म्हणते रॉकेल लावा, आणि सासूबाई म्हणतात, लोणच्याच्या बरणीला रॉकेल मुळीच लावायचं नाही.

सासूबाईंचं म्हणणं अगदी रास्त आहे. रॉकेलने चिकटा निघतो हे खरं, पण त्याचा वास झाकणाच्या आतल्या चकतीत मुरून बसतो. शिवाय गॅसच्या शेजारी रॉकेलचा बोळा म्हणजे आगीला आमंत्रणच. आणि त्याची गरजही पडत नाही. लेबल कशाने चिकटवलं आहे ते ओळखलं, की निम्मं काम झालंच म्हणून समजा.

पूर्वी लोणची चिनी मातीच्या बरणीत भरून वर दादरा बांधत. लेबलाचा प्रश्नच नव्हता. काचसामान आपल्याकडे होऊ लागलं त्यालाही बरीच वर्षं झाली. कर्जतहून घाट चढून गेलं की तळेगाव दाभाडे लागतं. तिथे पैसा फंडाचा काच कारखाना 1908 साली निघाला. त्या काळी बाटल्यांवरचे कागद खळीने नाहीतर डिंकाने चिकटवत, त्यामुळे ते पाण्यात सुटत. पुढे 1935 साली अमेरिकेत स्टँटन एव्हरी यांनी नुसतं दाबलं की चिकटणारं लेबल काढलं. आज बहुतेक बाटल्यांवर तेच असतं. त्याचा गोंद रबरासारखा असतो. तो पाण्याला दाद देत नाही, पण तेलापुढे मात्र हार मानतो.

आता ओळखायचं कसं? लेबलाचा एक कोपरा ओला करून पाच मिनिटं थांबावं. कागद भिजून लगदा झाला तर काम सोपं. बादलीत कोमट पाणी घेऊन त्यात दोन चमचे धुण्याचा सोडा टाकावा, बाटल्या आतूनही त्याच पाण्याने भरून तासभर बुडवून ठेवाव्यात. कागद आपोआप सुटून येतो.

पाणी वरून नुसतं ओघळून गेलं, तर लेबल प्लॅस्टिकचं आहे. ते भिजवून काही उपयोग नाही. बाटलीत हाताला सोसेल इतपत गरम पाणी भरून झाकण लावावं आणि दहा मिनिटं ठेवावं, म्हणजे आतल्या उष्णतेने गोंद मऊ पडतो. मग नखाने कोपरा उचलून लेबल काचेलगत, अगदी सावकाश ओढावं. हिसका दिला की फाटतं आणि गोंद मागे राहतो. बाटली चांगली उन्हात तापवली तरी हेच काम होतं. मात्र थंड बाटलीत उकळतं पाणी एकदम ओतू नये. जाड बुडाची काच आतून एकदम तापते, बाहेरून थंडच राहते, आणि तडकते.

एवढं करूनही चिकटा राहिलाच, तर एक चमचा तेल आणि एक चमचा खायचा सोडा कालवून त्याचा जाडसर लेप द्यावा. आपल्या भागात खोबरेल हाताशी असतं, ते चालेल. थंडीत ते गोठतं, तेव्हा शेंगदाण्याचं घ्यावं. अर्धा तास थांबलं की तेल गोंदात शिरून तो फुगतो, आणि सोड्याची बारीक कणी त्याला घासून काढते. नारळाच्या काथ्याने गोल गोल चोळावं. तारेची घासणी किंवा वाळू नको. ओरखडा नुसता दिसायला वाईट असतो असं नाही, काच तिथे कमकुवत होते आणि पुढे कधीतरी तिथूनच फुटते. नंतर साबणाने दोनदा धुवावं, नाहीतर तेलकट बाटली हातातून निसटायचीच!

अगदीच हट्टी ठिपका असेल तर नखांचं पॉलिश काढायचं द्रावण कापसावर घेऊन पुसावं. गॅस बंद हवा, खिडकी उघडी हवी, आणि ते प्लॅस्टिकच्या झाकणाला लावू नये, झाकण विरघळतं. व्हिनेगर पाण्याच्या पांढऱ्या डागांवर चांगलं, पण या गोंदावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

धुतलेली बाटली दिवसभर कडक उन्हात वाळवावी. ओलसर बरणीत लोणच्याला बुरशी धरते. पत्र्याचं झाकण असेल तर त्यात लोणचं भरूच नका, मीठ आणि आंबट यांनी ते गंजतं. अशा बाटल्या जिरं, मोहरी, सुपारी यांना ठेवाव्यात.

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. काही लेबलं काढायचीच नसतात. भातशेतीच्या गावात पुष्कळ घरांतून कीडनाशकाची बाटली असते. फिनेल, थिनर, अॅसिड तर शहरातही असतं. कीडनाशकाच्या लेबलावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत घातक, मग पिवळा, निळा आणि हिरवा. विषावरचा उताराही त्याच कागदावर छापलेला असतो. चुकून कुणाच्या पोटात गेलंच तर ती बाटली बरोबर घेऊनच डॉक्टरांकडे धावायचं असतं. लेबल नसेल तर डॉक्टरांना काय कळणार? ही बाटली कितीही स्वच्छ धुतली, कितीही छान दिसली, तरी खाण्याच्या वस्तूसाठी वापरायची नाही. आणि उरलेलं फिनेल किंवा औषध सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही. लहान मूल वाचत नाही, ते फक्त बाटली ओळखतं.

शेवटी, भरलेल्या बरणीवर आपलं लेबलही हवंच. साध्या कागदावर जिन्नस आणि भरल्याची तारीख लिहावी आणि कणकेच्या खळीने चिकटवावा. खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, पण तो विषारी असतो, स्वयंपाकघरात नको. कागद झाकणावर न लावता बरणीच्या अंगावर लावावा, कारण झाकणांची अदलाबदल होते. पुढच्या वर्षी बरणी रिकामी झाली की पाण्यात बुडवा, कागद सुटेल, आणि चिकटा म्हणून काही राहणारच नाही.