पाणी भरून बघा
बाथरूमचं काम संपतं, ठेकेदार शेवटचा हप्ता खिशात घालतो आणि महिन्याभरात खालच्या मजल्यावरचे काका छताची ओल दाखवायला वर येतात. फोन? तो आता उचलला जात नाही. खरी परीक्षा टाइल बसण्याआधीची. वॉटरप्रूफिंग झालं की जाळी बुजवून पाणी भरायचं आणि किमान 24 तास तसंच ठेवायचं. ठेकेदार कुरकुरतो, कुरकुरू द्यावं. बसलेल्या टाइलवर नाण्याने टकटक केली, की खाली माल कमी पडलाय हे पोकळ आवाजच सांगतो. एवढं करूनही फसगत झालीच, तर 2019च्या कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोग आहे: मुदत 2 वर्षं, मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. अडतं ते पुराव्यापाशी, कारण सगळा हिशेब लिहिलेला असतो लग्नपत्रिकेच्या पाठीवर, तोही ठेकेदाराच्याच अक्षरात, बिनसहीचा.